घराचा रोजा

अकोल्याच्या कुठल्याही गल्लीत शिरलं, की ओळखीचा माणूस भेटावा तसं नबी मिस्त्रीला आपलं एखादं घर भेटायचं. हा जिना माझा, ती गच्ची माझी, असं मनातल्या मनात म्हणत तो सायकल हाकायचा. पस्तीस वर्षांत त्यानं टाकलेला एकही स्लॅब गळला नव्हता, आणि बासष्टाव्या वर्षी माणसाला शोभावा त्यापेक्षा वाटीभर जास्तच अभिमान त्याच्याजवळ होता. म्हणून मे महिन्यात जठारपेठेतून निरोप आला, की गच्चीला भेग गेली आहे, पावसाआधी बुजवून द्या, तेव्हा त्याला रागच आला. माझ्या स्लॅबला भेग?

भर दुपारी दीड वाजता तो तिथं पोचला. गच्चीवर जायचा रस्ता वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीवरून जात होता. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत साठीची एक बाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. समोरचा कुलर घरघर करत नुसती वाफ फेकत होता.

"मिस्त्री का?" बाईनं विचारलं.

"हो."

"हे घर कोनं बांधलं, मालूम आहे का तुमाले?"

"मीच बांधलं," नबी छाती काढून म्हणाला. "बावीस साल झाले. एक थेंब पानी..."

"थेंबाचं राहू द्या. या, आत या. बसा त्या खुर्चीवर."

"भेग पाहून घेतो आधी."

"भेग कुठी पयून नाही चालली. बसा."

आवाजच असा होता की नकार सुचू नये. बाईंचं नाव मनकर्णा, आणि त्या तीस वर्षं धारणीकडे सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मेळघाटातल्या गावागावांतून बाळंतपणं करत फिरलेली ही बाई सुईला घाबरणाऱ्या दांडग्या गड्यांनाही एका शब्दात खाली बसवायची. नबी बसला. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. दहा मिनिटांत कानांतून धग निघायला लागली. बाईंनी भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरकडे बोट केलं. पारा एकेचाळीसवर होता.

"मानसाले एवढा ताप असता तर मी सलाईन लावली असती," बाई म्हणाल्या. "घराले काय लावू?"

"उन्हायाच असा पडून राह्यला, सिस्टर. त्याले मी काय करू?"

"उन्हाया बाहेर असते, मिस्त्री. तो आत येऊ नये म्हनून तर मानूस घर बांधते."

नबीनं मुकाट्यानं भेग बुजवली आणि घरी आला. बायको सहानुभूती दाखवेल या आशेनं त्यानं सगळी हकिकत सांगितली. नसीमबानो रोट्या लाटत होती. ऐकता ऐकता ती अशी हसत सुटली की लाटणं हातातून घरंगळत पलंगाखाली गेलं.

"पहली बार किसी ने सच बोला तुमको," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी मनकर्णाबाई वही घेऊन नबीच्या दारात उभ्या राहिल्या. नांदगाव खंडेश्वरपासून दीड कोसावर पिंपरखेडा नावाचं त्यांचं माहेर. वडिलांनी जाण्याआधी तिथली एक मोकळी जागा त्यांच्या नावे केली होती. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. आता उरलेलं आयुष्य गावात काढायचं त्यांनी ठरवलं होतं.

"घर बांधाचं आहे," त्या म्हणाल्या. "मातीचं. अन् ते तुमी बांधाचं."

"मी?" नबी उठूनच उभा राहिला. "सिस्टर, सिमेंटचा मानूस हाओ मी."

"तुमचं वय पाहून आली. लहानपनी मातीची भित टाकली नसंल तुमी, असं होनार नाही."

नबी पुन्हा खाली बसला. टाकली होती. पंचविशीपर्यंत अब्बांच्या हाताखाली त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. मग सिमेंट आलं, लोक मातीच्या घरांना नाकं मुरडायला लागले आणि अब्बांकडे काम मागायला येणारी माणसं एकेक करून कमी झाली. नबीनं लंबाई-चौडाई सांगणारी सगळी जुनी मापं डोक्यातून झाडून टाकली होती.

"विसरलो मी ते," तो म्हणाला.

"विसरले गिसरले काही नाही," आतून नसीमबानोचा आवाज आला. "लाजून राह्यले."

मनकर्णाबाईंना ही बाई तिथल्या तिथे आवडली. त्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि चहा पिता पिता मेळघाटातलं सांगू लागल्या. मे महिन्यात लशींचा डबा खांद्याला लावून डोंगर चढायचा, घामानं निथळत एखाद्या कोरकू आदिवासीच्या घरात वाकून शिरायचं, आणि आत बाळंतीण नि तिचं लेकरू गारव्यात गाढ निजलेलं असायचं. "मले जागवाचंही जिवावर ये," बाई म्हणाल्या. "तवाच ठरवलं होतं का म्हातारपनी असंच घर पाह्यजे."

नबी ऐकत होता. त्याचा हात आपोआप मांडीवर थर मोजू लागला होता.

काम डिसेंबरात सुरू झालं. पहिला वाद जमिनीशी झाला. पिंपरखेड्याची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. नबीनं मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं, आणि वर कंबरेएवढं काळ्या दगडाचं जोतं उचललं. भिंतीसाठी काळी माती चालत नाही. गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेवर पांढऱ्या मातीचा उंचवटा होता. गाववाल्यांना विचारून तिथली माती आणली, तिच्यात गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा मिसळला, पाणी सोडलं आणि सगळा गारा खड्ड्यात आठ दिवस मुरत ठेवला.

नवव्या दिवशी गारा तुडवायची वेळ आली. नबीनं सोबत आणलेले दोघं मजूर काठावर उभे राहून एकमेकांकडे बघत होते. त्यांनी जन्मात मिक्सरखेरीज काही पाहिलं नव्हतं. नबीनं पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला आणि उतरला. पहिल्या दोन पावलांना त्याला गार मातीची शिरशिरी आली. तिसऱ्या पावलाला टाच आपसूक वळली. आधी टाच, मग चवडा, मग अर्धी गिरकी. हे त्याला कुणी आठवण करून दिलं नव्हतं. पायांना ते ठाऊक होतं. पंधरा मिनिटांत तो गुणगुणायला लागला, अर्ध्या तासात मजूरही उतरले, आणि मनकर्णाबाईंनीही काठावर चपला काढून ठेवल्या.

"सिस्टर, तुमी नका."

"काहून? माह्या पायाले काय झालं?"

संध्याकाळी नबीनं बायकोला फोन केला, तर पहिली दोन मिनिटं तो काय बोलतोय हेच तिला कळेना, इतका तो हसत होता.

मग भिंती उठू लागल्या. दीड हात रुंद, आणि एका वेळी हातभर उंचीचाच थर. तो थर चार दिवस वाळायचा, मगच पुढचा. सिमेंटच्या कामात घाई करायची सवय लागलेल्या नबीला सुरुवातीला हे चार दिवस खायला उठत. पुढे त्याला त्यांची गोडी लागली. त्या रिकाम्या दिवसांत तो आणि मनकर्णाबाई जमिनीवर काडीनं रेघा मारत भांडत बसायचे.

"मावळतीकडे एक खिडकी देऊ," नबी म्हणायचा. "शोभा येते."

"दुपारी चार वाजता तुमची शोभा मले भाजंल. मावळतीकडे एक भोकही नाही पाह्यजे. तिकडं न्हानी अन् दान्याची खोली टाका. ऊन आधी तिले खाऊ द्या."

त्यावर नबी हरला. पण हरून तो विचार करू लागला, आणि अब्बांची एकेक गोष्ट वर येऊ लागली. खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला, समोरासमोर. भिंतीच्या अगदी वर, छपराखाली, हवा निघून जायला झरोके. त्यांना आतून फळी. दक्षिणेला रुंद ओसरी, म्हणजे उन्हाचा पाय भिंतीला लागू नये. बाहेरच्या बाजूला चुन्याचा पांढरा हात.

छपरावरून मात्र पुन्हा जुंपली. नबी टिनपत्र्यावर अडला होता, कारण पत्रा दोन दिवसांत चढतो.

"मिस्त्री, डोक्यावर तवा ठेवून तुमी झोपता का?" बाईंनी विचारलं.

झालं. मग बांबूचा माळा घातला, त्यावर वीतभर मातीचा थर दिला, आणि त्याच्यावर हातभर मोकळी जागा सोडून कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर चढवलं. वळचण एवढी पुढे काढली की पाऊस कितीही तिरपा आला तरी भिंत कोरडी राहावी.

हे सगळं शेजारच्या दुमजली घराच्या गॅलरीतून खुशालराव बघत होते. खुशालराव म्हणजे मनकर्णाबाईंचे चुलतभाऊ. गावातलं सगळ्यात मोठं घर त्यांचं. फाटकाच्या खांबांवर सिमेंटचे दोन सिंह बसवलेले, आणि उन्हाळ्यात तीन कुलर एकदम चालायचे. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण बहिणीच्या या उद्योगानं त्यांची झोप उडाली होती.

"मनू, तुले सरकारची पेन्शन आहे," ते रोज येऊन सांगायचे. "लोकं मले म्हनतीन, का बहिनीले झोपडीत टाकलं. मी स्लॅब टाकून देतो, माह्या खर्चानं."

"भाऊ, तू तुह्या सिंहाले पानी पाज," बाई म्हणायच्या. "तहानले असतीन ते."

मार्चच्या अखेरीस घर उभं राहिलं. दोन खोल्या, ओसरी, वर लाल कवेलू. नबीनं आयुष्यात इतकं छोटं घर बांधलं नव्हतं, आणि बांधून झालेल्या कुठल्याही घराभोवती तो असा चार-चार फेऱ्या मारत फिरला नव्हता. भिंती वाळायला अजून पंधरा दिवस दिले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मनकर्णाबाई सामान घेऊन आल्या आणि थर्मामीटर खिळ्याला टांगला.

आणि दुपारी तीन वाजता आत पारा एकोणचाळीस निघाला.

नबीचा विश्वास बसेना. त्यानं थर्मामीटर झटकला, दुसऱ्या भिंतीला लावला, फुंकर घातली. एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही दिवस घर पाहायला सकाळपासून अर्धं गाव लोटलं होतं. खुशालराव घाम पुसत आत येऊन पाऱ्याजवळ उभे राहिले. त्यांनी नुसतं बहिणीच्या खांद्यावर थोपटलं. नबीला ते थोपटणं चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं. जेवणाचा डबा न उघडताच त्यानं बायकोला फोन लावला.

"दीवार ने दगा दिया, नसीम."

ईद होऊन आठ दिवस झाले होते. शीरखुर्मा प्रवासात टिकणार नाही म्हणून नसीमबानोनं ईदच्या उरलेल्या कोरड्या शेवया पिशवीत टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली. दोन गाड्या बदलून, नांदगावहून ऑटो करून, ती साडेअकराला पिंपरखेड्यात उतरली. अंगणात पाऊल टाकलं आणि ती तिथंच थबकली.

दार सताड उघडं. दोन्ही खिडक्या उघड्या. वरचे झरोकेही उघडे. बाहेरची तापलेली हवा घरातून आरपार वाहत होती.

"या अल्ला!" ती ओरडली. "कोनं उघडं टाकलं हे सगळं?"

"मी," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "हवा खेळती राह्यली पाह्यजे. तीस वर्षं हेच शिकवलं मी लोकाले."

"अन् तुमी?" नसीमबानो नवऱ्याकडे वळली.

नबी चाचरला. स्लॅबच्या घरात राहून राहून त्यालाही एवढंच माहीत उरलं होतं, की जीव गुदमरला की खिडकी उघडायची. शिवाय खिडक्या त्यानं हौसेनं बसवल्या होत्या. लोकांना त्या उघड्याच दाखवायला बऱ्या वाटत.

"अजी, घराचा पन रोजा असते!" नसीमबानो बुरख्याच्या बाह्या वर सारत आत घुसली. "आमची अम्मी मातीच्याच घरात राहे. दिवस निघाला, आठ वाजले, का तोंड बंद. दार बंद, खिडकी बंद. दिवसभर घरानं काही खायाचं नाही, ना हवा, ना ऊन. सांजेले मगरिबची अजान झाली का सगळं उघडायचं, अन् रातभर पोट भरून थंडी हवा खाऊ द्याची. तुमी तर घराले भर दुपारी जेवाले बसवलं!"

बोलता बोलता तिनं एकेक खिडकी लावलीसुद्धा. झरोक्याच्या फळ्या ओढल्या, दारावर ओली चादर टाकली. घरात एकदम संधिप्रकाश झाला.

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हंजे एकादशीच म्हना की, भाभी."

"एकादशीत साबुदाना चालते. याच्यात तेही नाही."

त्या संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर सगळं उघडलं, आणि सकाळी आठला पुन्हा लावलं. दुपारी तीनला पारा सदतीस. मनकर्णाबाईंनी वहीत तारीख घालून आकडा लिहिला, रोग्याचा ताप लिहावा तसा. दुसऱ्या दिवशी पस्तीस. दोन दिवस पोटात साठलेली धग भिंती रात्री हळूहळू बाहेर टाकत होत्या. तिसऱ्या दिवशी बाहेर त्रेचाळीस असताना आत चौतीस.

"ताप उतरला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नबीपुढे शेवयांची वाटी ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

वास्तुशांत आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठेवली. त्या दिवशी ऊन असं होतं की अंगणात सांडलेलं पाणी डोळ्यांदेखत उडून जात होतं. नांदगावचे गुरुजी सकाळीच येऊन पूजा उरकून बसले होते. दुपारी तीनला त्यांना पलीकडच्या गावात दुसरी वास्तुशांत होती. चाळीसेक माणसांची पंगत मांडवात बसली. आमरस, पुरणपोळी, कुरडया, भजी, कढी. खुशालरावांनी एकट्यानं सहा वाट्या रस रिचवला आणि हात धुऊन म्हणाले, "बाहेर उभं राह्यवत नाही. पाच मिनटं आत टेकतो."

नसीमबानो दारात उभीच होती. "चादर उचला, पटकन आत व्हा, चादर सोडा," ती सांगत होती. ते आत गेले. त्यांच्यामागे गुरुजी गेले, घड्याळाकडे बघत. दोन वाजायला अजून दहा मिनिटं होती. मग पोरं आली, पोरांच्या आया आल्या, म्हातारे आले. सतरंज्या होत्याच. आत अंधूक उजेड, शेणामातीनं सारवलेली गार जमीन, पोटात आमरस. पहिल्यांदा खुशालरावांचं घोरणं ऐकू आलं. मग कुणीतरी दुसऱ्यानं सूर धरला.

अडीच वाजता नबी बघायला गेला, तर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही खोल्यांत माणसं आडवीतिडवी पसरली होती. गुरुजींचं डोकं एका अनोळखी पोराच्या पायाशी, पोराचे पाय कुणाच्या तरी आजोबांच्या पोटावर. न्हाणीच्या दारातही एक जण उकिडवा बसल्याबसल्या झोपला होता. मनकर्णाबाई पायांच्या बोटांवर तोल सांभाळत, रात्रपाळीची नर्स वॉर्डातून फिरते तशा त्यांच्यामधून फिरत होत्या. कुणाची मान वाकडी झालेली सरळ करत, कुणाच्या डोक्याखाली पिशवी सरकवत.

"छत्तीस," त्या नबीच्या कानात कुजबुजल्या. "चाळीस मानसं आत असून छत्तीस, मिस्त्री."

"आवतन जेवनाचं होतं, सिस्टर," नबी कुजबुजला. "झोपाचं नव्हतं."

दोघांना हसू आवरेना. तोंडावर हात धरून ते ओसरीत पळाले.

बाहेर जो कुणी पोरांना न्यायला आला, त्याला नसीमबानोनं आत घेतलं, आणि तो परत आलाच नाही. एका बाईचा नवरा बायकोला शोधत आला; अर्ध्या तासानं बायको उठून त्याला शोधत बाहेर आली, तो आत तिच्याच शेजारी झोपलेला होता.

सूर्य बुडाला आणि अंगणातलं ऊन गेलं. दूरच्या मशिदीतून अजान आली तशी नसीमबानोनं चादर ओढून काढली, फळ्या सरकवल्या, खिडक्या उघडल्या. संध्याकाळची झुळूक आत शिरली आणि माणसं एकेक करून उठू लागली, डोळे चोळत, आपण कुठे आहोत हे आठवत. मनकर्णाबाईंनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता.

खुशालराव चहाचा कप घेऊन नबीजवळ ओसरीत येऊन बसले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "माह्या घराचं काही होते का? पाडाले लावू नका फक्त."

"पाडाचं कशाले?" नबी म्हणाला. "मावळतीकडून हातभर सोडून एक मातीची भित उभी करू. गच्चीवर बांबू अन् कवेलूची सावली देऊ. पन दिवायी झाल्यावर. पावसात माती ऐकत नाही."

"अन् सिंह?"

"सिंह राहू द्या. त्याईले गर्मीची सवय असते."

खुशालराव एवढ्या मोठ्यानं हसले की कपातला चहा धोतरावर सांडला. त्यांच्यामागे दोरी धरून ओळीत बसवल्यासारखी आणखी तीन माणसं नबीशी बोलायला थांबली होती. एकाला गोठा हवा होता, एकाला कांदाचाळ, आणि तिसऱ्याला आईसाठी एक खोली. नबीनं मनकर्णाबाईंची वही मागून घेतली आणि तापाच्या आकड्यांखाली तिघांची नावं लिहिली.

तेवढ्यात आतून कुणीतरी घाबरून ओरडलं. गुरुजी जागे झाले होते. जानवं सावरत, एक डोळा अजून मिटलेलाच, ते फोन कानाला लावून ओसरीत आले. पलीकडून बोलणाऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"हो, हो, तीनचाच मुहूर्त होता," गुरुजी म्हणत होते. "नाही, गाडी नाही बिघडली. तब्येतही चांगली आहे. अहो, काय सांगू तुमाले..." त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं, आणि कुठलंच खोटं त्यांना सुचलं नाही. "झोप लागली हो मले. खरंच सांगतो. असं करा, यजमान, तुमी सगळे इकडंच चहाले या. बसून दुसरा मुहूर्त काढू."

मनकर्णाबाईंनी पातेल्यात आणखी दोन तांबे पाणी ओतलं, आणि नसीमबानो साखरेचा डबा शोधायला आत गेली.